ठराव क्रमांक सात

मनोरा पूर्वेला नऊ इंच कललाय,
असं इंजिनियरनं लिहून दिलं.
पंचमंडळीच्या सभेत तो कागद फिरला,
चहाच्या बशांवरून, हातोहात.
सेक्रेटरी मी. मिरजेच्या दवाखान्यात चाळीस वर्षं
तापाचे तक्ते भरले, आता इतिवृत्त लिहिते.

"वरचा भाग उतरवू," शांतवन आवळे म्हणाले,
"खाली पत्रा टाकू. निम्म्या पैशात होतंय.
देव काय टोकावर बसतो होय?"
कुणी हसलं नाही. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला.
तेवढ्यात मागच्या बाकावरून ओबेद,
आवळ्यांचाच पुतण्या, मिशीसुद्धा नीट फुटलेली नाही:
"पण हा असतो कशासाठी?"

आली का पंचाईत.
नव्वद वर्षं ज्याच्या सावलीतून
नवऱ्यामुली आत नेल्या, शवपेट्या बाहेर काढल्या,
त्याचं काम काय, ते एकाला धड सांगता येईना.
एलीशाबा मावशी म्हणाल्या, आभाळाकडे दाखवलेलं बोट.
मग आता कुठं दाखवतंय, ओबेद म्हणाला.
मी सांगितलं, अथणीचे, रायबागचे पेशंट
गाडीतून उतरायचे, अक्षरओळख नाही, भाषा कानडी,
त्यांना कुणीही हातानं खुणावायचं,
ते टोक दिसतंय? तिकडं चाला.
आवळे म्हणाले, आता मोबाईलवर नकाशा असतो.
तेही लिहिलं.

लिहिलं नाही ते असं.
सातवीत होते. नाताळच्या आधी अप्पा
घंटेच्या कड्यांना वंगण घालायला चढायचे,
त्या वर्षी कंदील धरायला मला नेलं.
मला वाटलेलं, वर काहीतरी असणार.
एवढं उंच बांधलं म्हणजे ठेवायलाच ना काहीतरी,
पोरांचा हात पोचू नये म्हणून
गुळाचा डबा फळीवर ठेवतात तसं.
घंटेच्या वर एक झडप. मी डोकं आत घातलं.

काही नव्हतं.
चारी भिंती एकमेकींकडे झुकत गेलेल्या,
पारव्यांची घाण, एक वाळलेलं वटवाघूळ,
आणि थेट टोकापासून सोडलेली तांब्याची तार,
तिला लोखंडी ओळंबा.
खाली तुळईवर छिन्नीनं मारलेली फुली,
ओळंब्याचं टोक बरोबर तिच्यावर.
गवंडी काम संपवून उतरला असेल,
हत्यार तेवढं तिथंच राहिलं.

मी रडले असं अप्पा सांगायचे.
मला आठवतं ते, मी रुसले.
परतताना सतारमेकर गल्लीत
दस्तगीर चाचा भोपळा कोरत बसलेले,
अप्पांनी माझी तक्रार त्यांच्या कानावर घातली.
चाचांनी आतला भुसा पाटीत झटकला,
रिकामा भोपळा माझ्या कानाला लावला
आणि बाहेरून एक टिचकी मारली.
बोलले काहीच नाहीत.
घरी जेवायला बसले तरी ते घुमत होतं.

माझे गुडघे आता शिडीचे राहिले नाहीत.
सभा थांबवून ओबेदला वर पाठवलं.
वीस मिनिटांनी उतरला, केसांत जळमटं,
मोबाईल पुढं केला.
तार होती. ओळंबाही होता, गंजून लाल.
फुलीपासून पूर्वेला, वीतभर सरकलेला.
"म्हणजे हापण कलला," आवळे म्हणाले.
"नाही काका," ओबेद म्हणाला, "हा तेवढाच सरळ आहे.
फुली सरकली. आपण सगळे सरकलो."

बराच वेळ फक्त पंखा बोलत होता.
मग आवळ्यांनीच विचारलं,
पायाला सिमेंट भरायचं किती सांगितलंय?

ठराव क्रमांक सात. मनोरा ठेवावा, पाया दुरुस्त करावा.
ओळंबा काढू नये.
सूचक ओबेद आवळे, अनुमोदक शांतवन आवळे,
पहिली वर्गणी पाचशे एक, एलीशाबा मावशींच्या कनवटीतून.
पुढे एक रकाना असतो, "कारण".
काय लिहू, मी पाळकसाहेबांना विचारलं.
ते बशीत चहा ओतत होते.
"सध्या राहू दे, सिस्टर," म्हणाले.